लडाखचे २,१४० फोटो, आणि त्यातला एकही माझा वाटत नाही

शिरोली_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, वय सत्तावीस. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. दोन वर्षं पैसे साठवून कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. सप्टेंबरात आम्ही चौघं मित्र लडाखला जाऊन आलो. पँगाँग, नुब्रा, खारदुंग ला, सगळं झालं. २,१४० फोटो काढले.

परत आल्यावर आईला लॅपटॉपवर दाखवायला बसलो. पन्नासेक बघून झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं हाय रं, पण असलं दूध संस्थेच्या कॅलेंडरवर बी असतंय." ती टोचून बोलली नव्हती. पण रात्री मी सगळे फोटो पुन्हा एकदा काढून बसलो आणि मला तिचं पटलं. तळं निळं, डोंगर तपकिरी, वाऱ्यावर पताका. मी गेलो नसतो तरी हे फोटो कुणीतरी असेच काढले असते.

मला ट्रॅव्हल फोटोग्राफर व्हायचंय, हे मनापासून सांगतो. पण पुढची मोठी ट्रिप अजून वर्षभर तरी जमणार नाही. कामाला शिफ्ट असते, सुट्टी सोमवारची एकच. या मधल्या वर्षात काय करू? लेन्स बदलू? एखादा कोर्स लावू? ज्यांनी या वाटेनं चालून बघितलंय त्यांनी सांगावं.

पायपीट

भावा, पहिलं म्हणजे त्या लेन्सनं लँडस्केपला मजा येत नाही. १०-१८ची वाइड बघ, सेकंडहँड मिळते. सोबत एक बऱ्यापैकी ट्रायपॉड. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) काढ आणि घरी बसून रंगांवर काम करायला शीक. सोमवारी पहाटे पन्हाळा गाठ, सज्जाकोठीकडून उजाडताना खालची शेतं धुक्यात असतात, नाद खुळा दिसतं. वर्षभर असं केलंस की हात बसेल.

रंकाळाकाठ

लेन्स घेऊ नकोस. वर्षभर तरी नको. पायपीट दादा, तुमचं चुकीचं आहे असं नाही, धुक्यातला पन्हाळा मीही काढलाय. पण या मुलाचं दुखणं वेगळं आहे. "मी गेलो नसतो तरी हे फोटो कुणीतरी असेच काढले असते" हे वाक्य त्यानं लिहिलंय, आणि त्यावर वाइड लेन्सचं औषध नाही.

मी मंगळवार पेठेतली. वडिलांचा स्टुडिओ होता. शाळेत असल्यापासून त्यांच्या डार्करूममध्ये ट्रे हलवत उभी राहायचे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यांवर घर चाललं, आणि त्यातून उरलेल्या दिवसांत आणि पैशात मी देशभर फिरले. दिवाळी अंकांत चित्रमालिका छापून आल्या. बत्तीस वर्षं झाली. त्यामुळं जे सांगते ते ऐकीव नाही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्यावरून तू शंभरदा गेला असशील. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी या गावात बसून सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० साली त्यांचा पहिला चित्रपट लोकांपुढं आला. काय दाखवायचं ते त्यांच्या डोक्यात आधी होतं, त्याच्यासाठी यंत्र घडवलं. तुझ्याकडं यंत्र आहे, आता काय दाखवायचं ते शोधायचंय. ते इथंच सापडतं. कसं, ते माझ्या एका फजितीवरून सांगते, कारण मला स्वतःला ते त्या दिवशी कळलं.

२००३ सालची दिवाळी नुकतीच झाली होती, गुऱ्हाळं सुरू झालेली. पन्हाळा रोडच्या एका गुऱ्हाळावर पहाटे जाऊन मी छत्तीसचा अख्खा रोल संपवला. रस उकळायच्या मोठ्या काहिलीतून उठणारी वाफ, वाफेतून घुसलेलं ऊन, गार व्हायला वाफ्यात, म्हणजे पसरट हौद्यात, ओतलेला सोनेरी गूळ, कापड घातलेल्या साच्यांतून निघणारे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. प्रिंट घेऊन मोठ्या खुशीत वडिलांपुढं ठेवले. त्यांनी एकेक बघितला, गठ्ठा परत जुळवला आणि एवढंच विचारलं, "जाळ कोण घालत होतं?"

मला सांगता येईना. काहिलीखालच्या चुलवाणाचं तोंड मागच्या अंगाला, खाली खड्ड्यात. मी तिकडं फिरकलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात परत गेले, आणि या वेळी आधी मागं गेले. खड्ड्यात उतरायला दोन मातीच्या पायऱ्या. खाली जाळ घालणारा जाळव्या बसलेला, उसाचं मूठमूठ चिपाड चुलवाणात सारत. त्याला काहील दिसत नाही. वर गूळ करणारा गुळव्या उभा, त्याला जाळ दिसत नाही. दोघांचं काम चालतं ते हाकेवर. रस उतू यायला लागला की वरून एक हाक, मळी काढून झाली आणि पाक आटवायचा की दुसरी. शेवटी गुळव्या कढता पाक गार पाण्यात सोडतो, दोन बोटांत त्याची गोळी वळून बघतो. गोळी जमली की तो ओरडतो आणि खालचा हात जागच्या जागी थांबतो. जरा उशीर झाला तर गुळाचा रंग गेलाच.

मी कॅमेरा काढला तसा जाळव्या म्हणाला, "ताई, वर जावा. गूळ वर हाय." मी म्हटलं, मला तुमचाच काढायचाय. तो काही बोलला नाही. फक्त डोक्याला गुंडाळलेला टॉवेल सोडला, झटकला आणि पुन्हा नीट बांधला.

त्या हंगामात मी पाच वेळा गेले. त्यातले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच राहिला, नुसता चहा पिऊन आणि रस पिऊन आले. मालिकेत शेवटी नऊच फोटो ठेवले. वरच्या माणसाचा हात, खालच्या माणसाचा कान, पुन्हा वर, पुन्हा खाली. वाफेचा एकच ठेवला, आणि तोही चौथ्या जागी. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो जाळव्याचा: तोंडावर जाळाचा तांबडा उजेड, मान किंचित वळलेली, हातातली चिपाडाची मूठ अधांतरी. वरून हाक आलीय हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. तो प्रिंट नेऊन दिला तेव्हा न मुडपता तंबाखूच्या पिशवीत कसा बसेल हे तो बराच वेळ करून बघत होता.

आता तुझं. झूमच्या रिंगवर ३५च्या आकड्याला काळी चिकटपट्टी लाव आणि तीन महिने काढू नकोस. तुझ्या कॅमेऱ्यावर ३५ म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याची साधारण ५० एमएम, आणि फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम ५०वरच केलं. झूम बंद झाला की पाय चालायला लागतात. माणसाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. लडाखमध्ये तू किती जणांची नावं विचारलीस? मनातल्या मनात मोज.

एकच जागा निवड. घरापासून किंवा कामावरून दहा मिनिटांत गाठता येईल अशी. सोमवारी दोन तास, बाकी दिवशी जाता-येता वीस मिनिटं. दिवसाला छत्तीसच्या वर शटर दाबायचं नाही, रोल आहे असं समज. खिशात छोटी वही ठेव. नाव, गाव, काय बोलले, कशाचा वास येत होता, सगळं त्याच दिवशी लिही. महिन्याच्या शेवटी तीसेक फोटोंचे ४ बाय ६चे प्रिंट लॅबमधून काढून आण आणि फरशीवर पसर. स्क्रीनवर बघून निवडू नकोस, स्क्रीनवर प्रत्येक फोटो सुटासुटा दिसतो आणि एकाशेजारी दुसरा ठेवल्यावर काय होतं ते कळतच नाही. त्यातले आठ राहू देत, बाकीचे उचल. मग क्रम बदलत बस. तुझ्या आईला बोलव. तिनं मध्येच "मग पुढं?" असं विचारलं, तर तुझी गोष्ट चाललीय.

उजेडाचं थोडं सांगते, कारण लोक गोल्डन अवर म्हणून, उगवती-मावळतीच्या उजेडासाठी, तासभर पळापळ करतात आणि उरलेल्या दिवसाकडं बघतही नाहीत. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव घे. ९, १०, ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि दिवसागणिक चरणांपासून मुखाकडं चढतं. हेच दिवस का? तर डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवसाच्या अलीकडं आणि पलीकडं ते साधारण सारख्याच अंतरावर पडतात, म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. हवेत ढग, धूर, बाष्प असलं की किरणं वाटेतच विरतात. आत कॅमेरा नेऊ देत नाहीत, ते योग्यच आहे, तू हात जोडून नुसता उजेड बघ. हे बांधणाऱ्यानं तिथं किती वर्षं उभं राहून ऊन बघितलं असेल! तुझ्या जागेवर तू तेवढंच कर. ऊन कुठल्या भिंतीवर किती वाजता येतं ते वहीत लिही, आठ दिवसांनी पुन्हा बघ. ही सवय लागली की परगावी एस.टी.तून उतरल्या उतरल्या तुला कळतं, संध्याकाळी कुठल्या गल्लीत उभं राहायचं.

कोर्सचं विचारलंस. पैसे असतील तर कर, नसतील तर त्या पैशाचे प्रिंट काढ.

घाटवाट

ताई, गुऱ्हाळाचं वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका. प्रवासात पाच वेळा परत कोण जातो? एका गावात दोन दिवस मिळतात, तेही गाडीच्या वेळेला बांधलेले. आणि रोजच्या गल्लीत डोळा मरतो हा माझा अनुभव आहे. मला तर घाट ओलांडून कोकणात उतरल्यावरच फोटो दिसायला लागतात.

रंकाळाकाठ

घाटवाट, डोळा मरतो हे अगदी खरं. मला रंकाळा एक अख्खं वर्ष दिसेनासा झाला होता, आणि मी राहते तिथून तो चालत दहा मिनिटांवर. तेव्हा मी जागा बदलली नाही, वेळ बदलली. रात्री साडेनऊला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायला लागले. म्हशी उभ्या, समोर धार काढून चाललेली, फेसाळ पेला हातात घेऊन तालमीतली पोरं उभ्यानं पितायत. पांढऱ्या दिव्याचा उजेड म्हशीच्या काळ्या पाठीवर पडतो आणि पेल्यातल्या फेसावरही, दोन्ही एका फोटोत सांभाळताना माझा महिना गेला. फेस जळला, म्हणजे नुसता पांढराफटक झाला, की म्हैस दिसते, फेस राखला की म्हैस अंधारात. शेवटी मी फेसावर उजेड मोजला आणि म्हशीचा फक्त कडेचा उजळ भाग राहू दिला. तिथून परत आल्यावर रंकाळाही दिसायला लागला.

दोन दिवसांचं म्हणाल, तर म्हणूनच घरचा सराव लागतो. २०११च्या मार्चमध्ये मी कनौजला गेले, गुलाबाच्या अत्तरासाठी. हातात अडीच दिवस. अंगणात पाकळ्यांचा गुडघाभर ढीग, आणि माझ्याबरोबरचे दोघे तिथंच गुंतले. मला वडिलांचा प्रश्न पाठ होता. मोडक्या हिंदीत विचारलं, "आँच कौन देखता है?" कारखान्यातला मुलगा क्षणभर बघत राहिला आणि मागं वळून त्यानं वडिलांना हाक मारली.

म्हातारबाबांनी मला भट्टीशेजारी पाट दिला. तांब्याची देग, म्हणजे पाकळ्या उकळायचं मोठं भांडं, झाकण मातीनं लिंपून बंद केलेलं, बांबूच्या नळीतून वाफ बाहेर येते आणि पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते. त्यात आधीच चंदनाचं तेल असतं, सुगंध ते धरून ठेवतं. तापमान मोजायला काही नाही. बाबा हौदात हात घालून भपका चाचपतात, किती उतरलंय ते तळव्याला कळतं. पुरेसं झालं की देगेवर ओलं फडकं फिरवून ती गार करायची आणि भपका बदलायचा. मी दीड दिवस त्या पाटावरून उठले नाही. पाण्याखालचा तो हात, बोटं पसरलेली, वर एक पाकळी तरंगतेय, हा फोटो मला पन्हाळा रोडच्या खड्ड्यानं दिला. कनौजला मी पहिल्यांदा जात होते, पण जाळाशेजारी बसायला मी पहिल्यांदा बसत नव्हते.

गुलालातला

मी वृत्तपत्रासाठी फोटो काढतो, बरीच चैत्र यात्रा जोतिबावर उभ्यानं काढलीय. ताईंनी मुद्द्याचं सांगितलंय, मी फक्त हाताशी लागणारं सांगतो.

तिकडं यायचं मनात असेल तर लक्षात ठेव, चैत्र पौर्णिमेला डोंगरावर लेन्स बदलायची नाही. गुलाल फार बारीक असतो, एकदा सेन्सरवर बसला की घरी निघत नाही. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या कडेला रबरबँड, पुढं साधा यूव्ही फिल्टर. गुलाल बसला तर फडक्यानं पुसू नको, काचेवर चरे पडतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीबरोबर गुलालाचा चिखल होतो.

सासनकाठ्या सगळे खालून आभाळाकडं बघत काढतात. काठी नाचवणाऱ्याच्या कमरेचा पट्टा बघ, तोल धरणाऱ्यांच्या हातातले दोर बघ. आणि कुणी हात आडवा केला, मान हलवली, की कॅमेरा खाली. लांबून चोरून काढलेला मला चालत नाही. लहान पोरांचा काढायचा तर आधी आईबापाला विचार. एवढ्या वर्षांत माझे चांगले म्हणावेत असे फोटो ज्यांनी "काढा की" म्हटलं त्यांचेच निघाले.

शिरोली_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. चार आठवडे झाले, म्हणून सांगायला आलो. कारखान्यात कॅमेरा नेता येत नाही, मोबाईलही गेटवर ठेवतात. म्हणून गेटबाहेरची चहाची टपरी निवडली. तीन वर्षं तिथं चहा पितोय. पट्टी ३५वर आहे.

पहिल्या आठवड्यात काहीच जमलं नाही. लोक शिफ्ट सुटून दमून आलेले, मी कॅमेरा घेऊन उभा, सगळे माझ्याकडंच बघायचे. मोल्डिंगचे एक काका सरळ म्हणाले, "आमचा नको." बरं म्हटलं आणि त्यांच्याशेजारी बसून चहा प्यालो. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, कुठं छापणार हायस?

तिसऱ्या आठवड्यात एक दिसलं. साडेतीनला शिफ्ट सुटली की सगळे मावशींपुढं एकदम येतात. त्यात भट्टीवरचे असले की मावशी त्यांच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात, चहा मागनं. बाकीच्यांना थेट चहा. विचारत नाहीत, बघूनच ओळखतात. मी त्यांना विचारलं कसं ओळखता, तर म्हणाल्या, "भट्टीवरनं आलेल्याचं व्हट बघायचं." तीन वर्षांत मला हे दिसलं नव्हतं.

काल फरशीवर प्रिंट मांडले. आठ नाही जमले, पाचच ठेवले. आई पाचव्यापर्यंत आली आणि म्हणाली, "ह्या बाईचं घर कुठं हाय?"

मावशींना दोन प्रिंट दिले, त्यांनी एक टपरीत गणपतीच्या फोटोशेजारी लावलाय.

ताई, आता अडलंय ते सांगतो. माझे सगळे फोटो दुपारचे आहेत. मावशी पहाटे येऊन टपरी कशी उघडतात ते मी कधी बघितलंच नाही. म्हणजे जाळ कोण घालतं ते मलाही माहीत नाही.

रंकाळाकाठ

ओठ बघून पाणी. लेकरा, हे तुला सापडलंय, आणि हे दुसऱ्या कुणाकडं नाही.

पाचच ठेवलेस ते बरं केलंस. तांब्याचा फोटो पहिला ठेवू नकोस, तिसरा ठेव. आधी गर्दी, मग मावशींची नजर, मग तांब्या.

पहाटे जा. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेपाचला तुला स्टोचा आणि एका बल्बचाच उजेड मिळेल. आयएसओ (कमी उजेडात किती दिसावं त्याचा आकडा) ३२००वर ने, शटरचा वेग १/६० सेकंदाहून संथ करू नकोस, कोपरं बाकावर टेकव, श्वास सोडून झाल्यावर दाब. फ्लॅश पिशवीतसुद्धा नेऊ नकोस. मावशींचं तोंड थोडं अंधारात गेलं तर जाऊ दे, हात उजेडात राहू देत. आणि पहिल्या पहाटे दहाच फोटो काढ. बादली उचलायची असली तर उचल.

शिरोली_शिफ्ट

उद्या माझी पहिली शिफ्ट आहे. पावणेपाचचा गजर लावलाय. मावशींना संध्याकाळी विचारून ठेवलं. म्हणाल्या, "ये की. पण स्टो पेटवायच्या आत ये, मागनं मला बोलाय येळ नसतोय."